आडोसा

त्या वर्षी ढग वेळेआधीच जमायला लागले आणि मुकादमाने मिठागरावर सगळ्यांच्या मागे घाई लावली. वाफ्यावाफ्यांत मीठ तयार होऊन बसलं होतं. ते फळीने कडेला ओढायचं, निथळू द्यायचं, टोपल्यांत भरायचं आणि अरुंद बांधावरून चालत मोठ्या राशीवर नेऊन टाकायचं. एक जोराची सर आली तर हंगामाची सगळी मेहनत विरघळून पुन्हा समुद्रात जाणार. मुकादम बांधावर उभा राहून ओरडायचा, "साखर असती तर मुंग्यांनी तरी नेली असती रे! मिठाला कोण वाली? उचला!"

काटक्याच्या घरातली तिन्ही माणसं याच कामावर. अंगाने काटकुळा म्हणून त्याला काटक्या म्हणत. तो लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढायचा, बायको टोपल्या भरायची, आई वाहायची. बाप जाऊन बरीच वर्षं झाली होती. आईला मिठागरावर सगळे मावशी म्हणत. बाई साठीकडे झुकलेली, पण डोक्यावर ओली टोपली घेऊन निघाली की मान जराही हलायची नाही. टोपलीतून खारं पाणी गळत कानशिलावरून गळ्यात उतरायचं आणि मानेवर पांढरे ओघळ वाळून राहायचे. "मी मेले तरी सडायची नाही," ती म्हणायची. "इतकी मुरलेय मिठात."

गुडघे मात्र गेले होते. बांध चढताना ती ओठ दाबायची. म्हणून काटक्या बाजारातल्या दुकानातून दुखीच्या गोळ्यांची पाकिटं आणायचा. सकाळी चहाबरोबर, दुपारी टोपली खाली ठेवून, आणि कधी संध्याकाळीही. पाकीट त्याच्याच सदऱ्याच्या खिशात असायचं. आई नुसता हात पुढे करायची, तो गोळी काढून द्यायचा. मुकादमाला कळलं तर तो तिला वाहण्यावरून काढून पोती शिवायला बसवील, म्हणून हे त्या दोघांतच होतं. बायकोला ठाऊक होतं, पण ती त्यात पडत नसे.

गोळी ती कोरडीच गिळायची. पाण्याची पिंपं कार्यालयाच्या भिंतीला लागून होती. टँकरवाला रोज भरून जायचा. पुरुष येता-जाता तांब्या बुडवून घटाघटा प्यायचे. बायका फक्त तोंड ओलं करायच्या. मिठागर तळहातासारखं सपाट. झाड नाही, झुडूप नाही. पार पलीकडच्या बांधावरचा माणूस विडी पेटवतोय की कान खाजवतोय तेही दिसायचं. पुरुषांचं काय, कुठल्याही बांधाखाली पाठ फिरवली की झालं. बायका उजाडायच्या आत मिळून टोकाच्या फुटक्या बांधापलीकडे जाऊन यायच्या, नंतर एकदम दिवस बुडल्यावर. कार्यालयामागे एक संडास होता, त्याला कायम कुलूप. मालक आले तर लागतो, असं मुकादम म्हणायचा. यावर कधी कोणी काही बोलल्याचं काटक्याला आठवत नव्हतं. तोही कधी बोलला नव्हता.

अशात आईच्या पोटात उजव्या बाजूला बरगडीखाली दुखायला लागलं. दोनदा उलटी झाली. गावातल्या डॉक्टरने पोट दाबून पाहिलं आणि म्हणाला, "शहरात जाऊन स्कॅन करून घ्या. शिरेतून औषध सोडून काढतात तो. गाठबीठ नाही ना, ते कळेल."

गाठ हा शब्द घरात आला आणि सगळ्यांचं बोलणं कमी झालं.

शहरात जायला टँकर होताच. टँकरवाला पाणी भरायला रोज तिकडे जायचा. त्याने मायलेकांना पुढे शेजारी बसवून घेतलं, स्कॅनच्या दवाखान्याच्या दारात सोडलं आणि "माझं पाणी भरायला वेळ आहे, थांबतो की," म्हणून स्वतःही आत आला. पंख्याखालची जागा त्याला आवडली असावी. तो बाकावर टेकला.

खिडकीपलीकडे जाड चष्म्याची एक तरुण बाई होती. यंत्र तीच चालवायची. बाकावर सात-आठ माणसं, बरीचशी पुरुषच. बाईने मान वर न करता विचारायला सुरुवात केली आणि तिचा आवाज खणखणीत होता.

"साखर आहे?"

"नाही," आई म्हणाली.

"मूत्रपिंडाचा काही त्रास? पायांवर सूज?"

"नाही."

"लघवी व्यवस्थित होते? दिवसातून किती वेळा?"

आईची मान खाली गेली. बाकावरच्या एका माणसाने पेपर वाचायचा थांबवला. आई पुटपुटली, "होतं सगळं."

"पाणी भरपूर पिता?"

"पिते की."

"दुखीच्या गोळ्या घेता? गुडघे, कंबर, डोकं, कशासाठीही? रोज?"

आईने मागे पाहिलं. टँकरवाला भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता, पण कान इकडेच होते. रोज मुकादमाबरोबर चहा पिणारा माणूस. आई म्हणाली, "मी नाही बाई गोळ्याबिळ्या घेत."

आता बाईने मान वर केली. उन्हात रापलेली, ओठ फुटलेली ती म्हातारी तिने नीट पाहिली. "आधी रक्त तपासून घेतलेलं बरं. ते इथं होत नाही, पलीकडे द्यावं लागेल. उद्या कळेल. मग परवा या."

"परवा?" आई काटक्याकडे बघत म्हणाली. "ढग बघितलेस का? आजच करा बाई. मला काही झालेलं नाही."

"तुम्ही मुलगा ना?" बाईने काटक्याला विचारलं. "तुम्ही सांगा. हे औषध मूत्रपिंडांतूनच बाहेर पडतं. ती आधीच दमलेली असतील तर त्यांना झेपत नाही. काही नाही ना नक्की? गोळ्या वगैरे?"

गोळ्यांचं पाकीट त्याच्या सदऱ्याच्या खिशात होतं. त्याने उगाच छातीवर हात नेला, तर ते चुरचुरलं. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? आईला ओझी वाहता यावीत म्हणून मी तिला गोळ्या चारतो, हे? या सगळ्यांच्या देखत?

"नाही," तो म्हणाला. "काही नाही."

बाईने क्षणभर विचार केला. मागे माणसं खोळंबली होती. तिने आईला आत घेतलं.

स्कॅन व्हायला फार वेळ लागला नाही. पण आई बाहेर येईना. दार उघडून बाईने काटक्याला बोलावलं. आई त्या अरुंद फळीवर उताणी पडून होती, अंगावरची चादर दोन्ही मुठींत घट्ट धरलेली. डोळे छताला.

"उठत नाहीत," बाई म्हणाली. "मी सांगितलं होतं, औषध गेलं की अंगातून गरम लाट जाते, खाली ओलं झाल्यासारखं वाटतं. तसं काही झालेलं नसतं. सगळ्यांनाच वाटतं. यंत्राच्या आवाजात ऐकलं नसावं त्यांनी."

"आई, ऊठ ना."

"तू बाहेर जा," आई म्हणाली. तिच्या डोळ्यांच्या कडेला पाणी होतं. "तू आधी बाहेर जा."

तो बाहेर गेला. थोड्या वेळाने बाई आईला हाताला धरून घेऊन आली. आई हळूच मागे हात नेऊन कपडे चाचपत होती. कोरडे होते, तरी चाचपत होती.

बाईने पाण्याची बाटली दिली आणि काटक्याला बजावलं, "आज आणि उद्या भरपूर पाणी पाजा. थोडं-थोडं करून सारखं. काही दुखलं तरी दुखीची गोळी अजिबात नको. आणि लघवी कमी झाली तर घरी बसू नका. लगेच दवाखाना गाठा. लक्षात राहील?"

"राहील."

परतीच्या वाटेवर आई पुन्हा मधे बसली. एका बाजूला टँकरवाला, दुसऱ्या बाजूला मुलगा. काटक्याने बाटली उघडून दिली. तिने ओठांना लावली आणि परत दिली. "घरी गेल्यावर," ती म्हणाली. रस्ता लांब होता आणि वाटेत दोन्हीकडे उघडा माळ.

निकाल दुसऱ्या दिवशी दुपारी टँकरबरोबरच आला. गावातल्या डॉक्टरने वाचला आणि हसला. यकृतावर पाण्याची छोटीशी गाठ. अशी पुष्कळांना असते, भिण्यासारखं काही नाही. काटक्या मिठागरावर जवळजवळ पळतच आला. बायकोने टोपली टाकून सासूचे हात धरले. आई म्हणाली, "चला, आता मीठ उचला," आणि सगळे हसले. त्या दिवशी आईने इतरांपेक्षा जास्तच खेपा केल्या. ढग अगदी समुद्रावर आले होते.

दिवस कलताना ती टोपली ठेवून त्याच्यापाशी आली आणि हात पुढे केला.

"त्या बाईने नको म्हटलंय," तो म्हणाला.

"मग टोपल्या ती येऊन उचलेल का?"

तो फळीवर हात टेकून उभा राहिला. मुकादम लांबून बघत होता. त्याची पाठ वळली तशी काटक्याने पाकीट काढलं, गोळी दाबून बाहेर काढली आणि तिच्या तळव्यावर ठेवली. तिने ती तशीच गिळली.

त्यानंतर दोन दिवसांनी पहाटे बायको टोकाच्या बांधावरून आली आणि त्याला हलवून उठवलं. आई बाहेर चुलीपाशी बसली होती.

"अहो, आत्यांचं काही खरं नाही. त्या आमच्याबरोबर येतात आणि तशाच परत येतात. कालही, आजही. पाय बघितलेत त्यांचे? घोट्यात बोट रुतलं की खड्डा पडतोय."

"मग मी काय करू?"

"विचारा ना. माझ्याशी बोलत नाहीत. म्हणतात, वयाप्रमाणे होतं."

"मी विचारू?" तो उठून बसला. कान गरम झाले होते. "आईला, लघवी होते का म्हणून? ते तुम्ही बायका बघा काय ते."

बायको त्याच्याकडे बघत राहिली. मग निघून गेली. त्याला त्या बाईचे शब्द आठवत होते, अगदी शब्दन् शब्द. तो फळी घेऊन कामावर गेला. तोही दिवस तसाच गेला.

पुढच्या सकाळी आई बांधावर टोपलीसकट बसली. पडली नाही, बसली, जशी माणसं दमून बसतात तशी. पण तिला श्वास पुरत नव्हता. चेहरा सुजून डोळे बारीक झाले होते, तोंडाला वेगळाच वास येत होता. मीठ वाहायच्या ट्रॉलीत पोती अंथरून तिला घातलं आणि ट्रॅक्टर शहरातल्या मोठ्या दवाखान्याकडे निघाला. बायकोने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. काटक्या पायांशी बसला होता, आणि प्रत्येक खड्ड्याला ते सुजलेले पाय त्याच्या गुडघ्यावर आपटत होते.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "शेवटची लघवी कधी झाली?"

काटक्याने बायकोकडे पाहिलं.

"मी तुम्हाला विचारतेय. मुलगा ना तुम्ही? काल झाली? परवा?"

"परवापासून नाही," बायको मागून म्हणाली.

"दुखीच्या गोळ्या चालू होत्या?"

काटक्या म्हणाला, "मला... तसं नक्की..."

"रोज दोन-तीन," बायको म्हणाली. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. "हेच आणून देतात. स्कॅन झाल्यावरही दिल्या. आणि पाणी त्या पीत नाहीत. आम्ही कोणीच पीत नाही."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्यांनी सरळ सांगितलं: स्कॅनच्या त्या औषधाने मूत्रपिंडांना धक्का बसला. एरवी माणूस असा धक्का सोसून जातो. पण यांच्या अंगात पाणी नव्हतं, वर रोजच्या गोळ्यांनी ती आधीच थकलेली. आता ती बंद पडलीयेत. पुन्हा सुरू होतीलही, बहुतेक वेळा होतात. तोपर्यंत रक्त यंत्रातून फिरवून धुवावं लागेल.

आईच्या मानेत नळी घातली. ज्या मानेवर ती टोपलीचा भार तोलायची त्याच मानेत. यंत्र घरघरत राहायचं, नळीतून रक्त जायचं आणि यायचं, आणि ती भिंतीकडे बघत पडायची. पलंगाच्या दांडीला लघवीची पिशवी अडकवली होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. आई डोक्याचं फडकं काढून पिशवीवर टाकायची. नर्स येऊन ते काढून ठेवायची. "मावशी, मला बघावं लागतं किती आली ते." नर्सची पाठ वळली की आई पुन्हा फडकं टाकायची. आणि पिशवी तर रिकामीच होती. तळाशी चहाच्या गाळासारखं काहीतरी, तेवढंच.

बायको दिवसा मिठागरावर जायची. तीही गेली नसती तर घरातलं कोणीच कामावर उरलं नसतं. ती संध्याकाळी यायची. दिवसभर काटक्या.

मग मामा आला. आईचा धाकटा भाऊ. दुसऱ्या मिठागरावर होता. अंगाने दांडगा, आवाजाने त्याहून दांडगा. बहिणीच्या मानेतली नळी बघून तो पलंगाशी लहान पोरासारखा रडला आणि डोळे पुसतच बाहेर आला.

"कशानं झालं हे?"

"स्कॅनच्या औषधानं," काटक्या म्हणाला. ते खोटं नव्हतं. पुढचं त्याने सांगितलं नाही.

"म्हणजे चालती-बोलती बाई आत नेली आणि विष टोचलं?"

काटक्या काही बोलला नाही. मामाला तेवढं पुरलं.

दुसऱ्या दिवशी मिठागरावरची ट्रॉली माणसांनी भरून आली. सगळे ओळखीचे. कोणाच्या हातात फळीचा दांडा, कोणाच्या फावडं. टँकरवालाही होता. मामाने काटक्याला दवाखान्यातून जवळजवळ ओढून बाहेर काढलं. "तू पुढे राहा. आई तुझी आहे."

"मामा, थांब जरा."

"कशाला थांबू? तिचं काय उरलंय थांबायला?"

स्कॅनचा दवाखाना लांब नव्हता. ट्रॉली दारात थांबली तशी बाकावरची माणसं उठून आतल्या खोलीत गेली. मामाने दांड्याने खिडकीच्या लाकडावर ठोकलं. "ये बाहेर! म्हाताऱ्या माणसांना मारायचं दुकान उघडलंय काय?"

ती बाहेर आली. एकटीच. चष्मा हातात होता, तो घालताना एक दांडी कानामागे बसेना. तिने घोळक्याकडे पाहिलं आणि त्यात काटक्या दिसला.

"मावशी?" ती म्हणाली. "मिठागरावरच्या? काय झालं त्यांना?"

"मूत्रपिंडं घालवलीस तिची, आणि काय झालं विचारतेस?"

तिचा चेहरा उतरला. "मी विचारलं होतं," ती हळू म्हणाली. "सगळं विचारलं होतं."

"खोटं बोलते!" मामा ओरडला. मागून कोणीतरी, "फोडा ती काच!" म्हणालं आणि एक फावडं वर गेलं.

"तुम्हाला पण विचारलं होतं," ती काटक्याला म्हणाली. "आठवतं ना तुम्हाला?"

सगळ्या माना वळल्या. काटक्याने टँकरवाल्याकडे पाहिलं. तोही तिथेच होता त्या दिवशी, त्याने सगळं ऐकलं होतं. टँकरवाला आपल्या चपलेकडे बघत होता.

"विचारलं होतं," काटक्या म्हणाला.

"काय?" मामाला ऐकू आलं नाही.

"विचारलं होतं तिने." आता त्याचा आवाज जरुरीपेक्षा मोठा निघाला. "गोळ्या घेता का विचारलं. आई नाही म्हणाली. मग मला विचारलं. मी पण नाही म्हणालो. गोळ्या माझ्या खिशात होत्या."

"कसल्या गोळ्या?"

"गुडघ्याच्या. मीच देतो. रोज. तिने टोपल्या वाहाव्यात म्हणून." त्याला थांबता येईना. "स्कॅन झाल्यावर पाणी पाज म्हणाली, गोळी देऊ नको म्हणाली. दुसऱ्याच दिवशी मी तिच्या हातावर गोळी ठेवली."

"अरे, पण पाणी तरी..." मामाचा आवाज खाली आला होता. "पाणी का नाही प्यायली ती? पाण्याला काय धाड भरली होती? टँकर रोज येतो ना?"

"प्यायली तर जाणार कुठं?"

मामाला कळलं नाही. मग कळलं.

"तुझ्या मिठागरावर बायका दिवसा कुठं जातात, मामा? मामी कुठं जाते?" काटक्याने घोळक्याकडे पाहिलं. "तुझी बायको कुठं जाते रे? तुझी? कोणाला माहीत आहे? मला नव्हतं माहीत. म्हणजे होतं माहीत. लघवी बंद झाली आईची, बायकोने सांगितलं, आईला विचारा म्हणून. मला लाज वाटली विचारायची. एक दिवस आणखी गेला त्यात."

फावडं केव्हाच खाली आलं होतं. एकाने हातातला दांडा पाठीमागे धरला, जणू तो आपला नव्हेच. रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली आणि तिला वाट द्यायला सगळे बाजूला झाले. कोणाच्याही नजरेला नजर न देता सरकायला तेवढं निमित्त मिळालं.

मामा ट्रॉलीकडे वळला. जाताना त्याने काटक्याच्या कानशिलात मारली. फार जोरात नाही. काटक्याने ती घेतली.

बाकीचेही ट्रॉलीत चढले. काटक्या मात्र उभाच होता. ती बाई पायरीवर बसली होती.

"मी रक्त तपासल्याशिवाय घ्यायला नको होतं," ती म्हणाली. "त्यांचे ओठ बघितले होते मी. तुम्ही नाही म्हणालात आणि मला ते बरंच वाटलं. रांग होती." मग तिने विचारलं, "लघवी सुरू झाली का?"

ट्रॉलीतली सगळी माणसं ऐकत होती.

"आज सकाळी थोडी," काटक्या म्हणाला. "अर्धी वाटी."

"रंग?"

"गडद. पण कालच्यापेक्षा बरा."

तिने मान हलवली आणि चष्मा काढून डोळे पुसले.

आईची मूत्रपिंडं हळूहळू जागी झाली. पिशवीत रोज थोडं जास्त जमायला लागलं. ते मोजायचं काम नर्सने काटक्यावर टाकलं. पहिल्या दिवशी तो भांडं कापडाखाली झाकून भिंतीच्या कडेकडेने मोरीपर्यंत गेला. नंतर झाकायचं सोडून दिलं. भेटायला आलेल्या माणसांतून दोन्ही हातांत भांडं धरून सरळ जायचा. पुढे मानेतली नळी काढली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुष्कळ सुधारलंय, पण पूर्वीसारखं होणार नाही. रक्त तपासत राहायचं. ओझं बंद, ऊन बंद, त्या गोळ्या जन्मात नको." आईने फक्त ओझं बंद हे ऐकलं.

बायकोने एका संध्याकाळी येऊन सांगितलं की कार्यालयामागच्या संडासाचं कुलूप कोणीतरी तोडलं. मुकादमाने विचारलं, कोणी कबूल झालं नाही, आणि त्याने दुसरं लावलं नाही. "जातात का बायका?" काटक्याने विचारलं. "दोघी-दोघी जातात," ती म्हणाली. "एक दाराशी उभी राहते. अजून धीर होत नाही."

पण दवाखान्याच्या दारातलं ते सगळं आईच्या कानावर गेलंच. मामाने सांगितलं की आणखी कोणी, कळलं नाही. काटक्या चहा घेऊन आला, तर तिने तोंड फिरवलं.

"चारचौघांत उघडी केलीस मला," ती भिंतीशी बोलल्यासारखी म्हणाली. "तुझा बाप गेला तेव्हाही माझ्या डोक्यावरचं फडकं सरकलं नव्हतं."

"हो," तो म्हणाला.

"मिठागरावरचा प्रत्येक पुरुष आता माझ्याकडे बघून तेच आठवणार."

"हो, आई."

"हो काय म्हणतोस? दुसरं काही सुचत नाही?"

चहा पलंगाशेजारी गार झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सने लघवीची नळीही काढली आणि म्हणाली, "आता स्वतःहून करायची मावशी, आणि भांड्यातच, मोजायचीय. पाणी पीत राहा." काटक्या तासातासाने पेला भरून द्यायचा. आई मुकाट्याने प्यायची. दुपार झाली. समोरच्या बाईचे पाहुणे येऊन गेले. आई उशीवर टेकून बसली होती, पण नीट टेकत नव्हती. चादरीखाली पाय एकमेकांवर घट्ट आवळलेले, बोटं आत वळलेली. कपाळावर घाम.

"आई, भांडं आणू?"

"सून येऊ दे."

"ती दिवस मावळल्यावर येणार."

"येऊ दे."

"मग नर्सला बोलावतो."

"ती जेवायला गेलीय. मघाशी जाताना बघितली मी." तिने चादर वर ओढली. "तू जा बाहेर, फिरून ये."

तो गेला नाही. तिच्याशेजारी स्टुलावर बसून राहिला. तिचा हात चादरीवर होता, मिठाने चिरलेला, कडक. तो आवळत होता, सुटत होता. तिने दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. बाहेर ऊन अजून भिंतीच्या मध्यावरच होतं.

"पडदा ओढ," ती म्हणाली.

त्याने पलंगाखालून भांडं काढलं. तिला काखेत हात घालून उठवलं, भांडं ठेवलं, चादर नीट केली, आणि बाहेर येऊन पडदा ओढला. पडदा अपुरा होता. कडेला फट राहत होती. तो पाठ करून त्या फटीत उभा राहिला.

बराच वेळ काही झालं नाही. मग भांड्याच्या पत्र्यावर पहिले थेंब पडले, थांबले आणि धार लागली. सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशी.

"ऐकू येतंय का रे?" आतून तिने विचारलं.

समोरची बाई उशीत तोंड वळवून पडली होती.

"येतंय," तो म्हणाला.

आवाज तुटला. तो तसाच उभा राहिला, पडद्याची कड मुठीत धरून. आत ती श्वास घेत होती, सोडत होती. मग धार पुन्हा सुरू झाली.